विणणारीचं नाव कुठंय?
गालिच्यांवरचा तुमचा लेख आवडला. चित्रकार नक्षी काढून देतो, आर्मेनियातल्या बायका ती मागावर विणतात, झकास. पण फोटोंखाली नाव एकट्या चित्रकाराचं! जुना आर्मेनियन ‘गोहर’ गालिचा आठवा. विणणारीनं त्यातच अक्षरं विणलीत: मी गोहर, पापी, नवशिक्या हातांनी हे विणलं, वाचणाऱ्यानं माझ्यासाठी प्रार्थना करावी.

एकेक गाठ दोन उभ्या धाग्यांना वेढा देऊन मारायची, मग ओळ फणीनं ठोकून बसवायची. कागदावरचं गुळगुळीत वळण गाठींत उतरताना पायऱ्यापायऱ्यांचं होतं. कुठली गाठ कुठे सरकवायची, हे विणणारीच्या बोटांनाच कळतं. म्हणजे अर्धं चित्र तिचंच की! (तिकडच्या वोर्दान कार्मिर नावाच्या किड्यापासूनच्या लाल रंगावरही लिहा ना कधीतरी.)