तळ्यात कोण झाडू मारतं?

आज सकाळी स्वर्ल फिल्टरचा, म्हणजे माशांच्या पाण्यातला गाळ खाली बसवणाऱ्या पिंपाचा, ड्रेन उघडला, पाइप सटकला, आणि माशांच्या शीचा तो चॉकलेटी गाळ थेट शर्टावर, थोडा चष्म्यावर. ॲक्वापोनिक्स, म्हणजे माशांच्या टाकीतल्या पाण्यावर झाडं वाढवणं, करायचं म्हटल्यावर हे चालायचंच. राग आहे तो नेमके त्याच क्षणी कुंपणापलीकडे उगवलेल्या शेजारच्या काकांचा.

"मासे घाण करतात, झाडं ती खातात, असं तुम्हीच सांगत होतात ना?"

म्हटलं काका, झाडं खातात ते विरघळलेलं. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया येतो, जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, ते मुळं घेतात. ही घट्ट घाण तशीच पुढे गेली तर मुळांवर थर बसतो न् मुळं गुदमरतात.

"मग तळ्यात कोण झाडू मारतं?"

आता चष्म्याला गाळ लागलेल्या माणसाने यावर काय बोलायचं! तरी सांगितलं, की तळ्यात एवढ्याशा पाण्यात इतके मासे कोंबलेले नसतात, आणि त्यांना रोज मोजून खाद्यही कुणी घालत नाही, ज्यातला कोरड्या वजनाने साधारण पाव हिस्सा घट्ट घाण होऊन बाहेर पडतो.

"बरं, मग नदीत?"

"नदी वाहते, काका."

"तुमचंही वाहतंयच की!"

अहो वाहतंय म्हणूनच तर या पिंपात ते गोल फिरवून हळू करायचं, म्हणजे जड गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी पुढे जातं! हे मी जरा ओरडूनच बोललो. त्यावर काका मायेने म्हणाले, "थोडं फिनाईल टाकून बघा."

फिनाईल! बायोफिल्टरमधले ते अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू बसायला महिना-दीड महिना जातो, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननेसुद्धा ते मरतात म्हणून ते ज्यावर बसतात तो मीडिया मी टाकीच्याच पाण्यात विसळतो, आणि यांना फिनाईल!

पण खरं सांगू का, काकांचा तरी काय दोष. व्हिडिओत टवटवीत लेट्यूस उपटणारे हात दिसतात, ड्रेनमध्ये कोपरापर्यंत गेलेला हात कुणी दाखवत नाही. वर 'झिरो वेस्ट' म्हणे. ते वेस्ट झिरो करायला माझ्याकडे एक वेगळं पिंप आहे, त्यात हा गाळ घालून दिवसेंदिवस हवा सोडत बसायचं, म्हणजे तो कुजून फॉस्फरस वगैरे पाण्यात सुटतं आणि वरचं पाणी झाडांना देता येतं. एअर पंप बंद पडला की मात्र हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यांचा वास, आणि तो पंप हमखास आम्ही गावाला गेलो की बंद पडतो. मग घरचे माझ्याकडे असं बघतात की जणू वास माझाच येतोय. मदतीला कुणी? नाव नको.

काका जाता जाता वळले. "तुळस झाली की थोडी द्या हं." आणि माझ्या शर्टाकडे बघून, "धुऊन द्या."