५७० घराण्यांशी सोयरीक

इंग्रजी आपल्याला येतं, असा माझा वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत समज होता. अर्ज, ईमेल आणि कस्टमर केअरशी भांडण, तिन्ही मी इंग्रजीत निभावून नेत होतो. मग पीएचडीला नाव नोंदवलं आणि पहिल्याच शोधनिबंधात 'नॉटविथस्टँडिंग' भेटला. गर्दीत एकमेकांना चिकटून उभे राहिलेले तीन शब्द! डिक्शनरी उघडली, तर अर्थ निघाला 'असे असूनही'. अरे, मग तसं म्हणा ना सरळ.

गाइड मॅडम म्हणाल्या, "घाबरू नका. अकॅडमिक वर्ड लिस्ट करा. फक्त ५७० आहेत."

ती यादी न्यूझीलंडच्या एव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केली. नेहमीच्या वापरातले दोन हजार शब्द बाजूला काढून, कुठल्याही विषयाच्या अभ्यासग्रंथात पुन्हा पुन्हा येणारे शब्द त्यांनी निवडले. मी हिशोब केला: रोज दहा, म्हणजे दोन महिन्यांत विद्वान. तिसऱ्या दिवशी कळलं की ते ५७० शब्द नाहीत, घराणी आहेत. 'अ‍ॅनलाइज'ला बोलावलं की मागून अ‍ॅनलिसिस, अ‍ॅनलिस्ट, अ‍ॅनलिटिकल असा सगळा गोतावळा पिशव्या घेऊन दारात. शिवाय एवढ्या सगळ्यांना घरात घेतल्यावर पानावरचे साधारण दहा टक्केच शब्द ओळखीचे होणार होते.

तरी कार्डं केली. पुढे शब्द, मागे अर्थ. आरशावर, फ्रीजवर, मुलीच्या सायकलवरसुद्धा. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं निरर्थक अक्षरं पाठ करून १८८५ साली दाखवून दिलं की पाठ केलेलं सगळ्यात जास्त पहिल्या काही तासांतच विसरतं. मी चांगले अर्थ असलेले शब्द पाठ करून तेच पुन्हा सिद्ध केलं. वाचताना 'अँबिग्युअस' दिसला की ओळख पटायची, "अरे, हा तर फ्रीजवरचा!" पण लिहायला बसलं की डोळ्यांपुढे नुसता फ्रीज यायचा.

काही शब्द तर सरळ दुतोंडी. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी, आणि 'सँक्शन' म्हणजेच निर्बंध. एखाद्या देशावर सँक्शन आली म्हणून पेढे वाटायचे की रडायचं, हे पुढचं वाक्य वाचल्याशिवाय ठरवता येत नाही.

शब्दांपेक्षा अवघड निघाली ती सावधगिरी. विद्वान माणूस 'आहे' म्हणत नाही. 'असल्याचे सूचित होताना दिसते' म्हणतो. ही सवय मात्र मला फार लवकर लागली. एकदा बाथरूममधून पाणी बाहेर आलं, तेव्हा मी बायकोला म्हणालो, "नळ चालू राहिला असण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही."

"म्हणजे तुम्हीच उघडा ठेवलात ना?"

"उपलब्ध पुराव्यांवरून तसा कल दिसतो."

त्या दिवशी आमच्या घरात निष्कर्ष फार स्पष्ट मराठीत मांडला गेला.

दोन वर्षांनी प्रबंधाचा मसुदा तयार झाला. जिथे साधा 'यूज' चालला असता तिथे सगळीकडे 'यूटिलाइज' बसवला. मेहनतीनं पाळलेले शब्द, त्यांना उपाशी कसं ठेवणार? ऋणनिर्देशात मॅडमसाठी खास कार्ड काढलं. 'ओव्हरसाइट : देखरेख', माझ्याच अक्षरात. लिहिलं की मॅडमच्या ओव्हरसाइटमुळेच हे काम तडीस गेलं.

मुलीनं टाइप करता करता विचारलं, "बाबा, ओव्हरसाइट म्हणजे नजरचूक ना?"

"देखरेख," मी कार्ड दाखवलं. तिनं मोबाइल दाखवला. दोन्ही अर्थ होते, आणि माझ्या वाक्यात नेमका दुसरा फिट्ट बसत होता: मॅडमचं लक्ष नव्हतं, म्हणून हे काम तडीस गेलं. पण मसुदा सकाळीच ईमेलनं रवाना झाला होता. मुलगी टाइप करत होती ती दुसरी प्रत.

आठवड्यानं मसुदा परत आला. पहिल्या प्रकरणातल्या प्रत्येक 'यूटिलाइज'वर लाल रेघ आणि वर 'यूज'. ऋणनिर्देशाचं पान मी एक डोळा मिटूनच उघडलं. 'ओव्हरसाइट'ला हातही लावला नव्हता. समासात फक्त बारीक अक्षरात लिहिलं होतं, "मान्य. यूटिलाइज ४१ वेळा येईपर्यंत माझं लक्ष नव्हतं."