राणीछाप रुपया आणि युद्धाचा खर्च

आजीच्या लाकडी पेटीतले तीन रुपये मी अजून जपून ठेवले आहेत. पहिला व्हिक्टोरियाचा, म्हणजे राणीछाप. दुसरा 1944 सालचा, सहाव्या जॉर्जचा. तिसरा 1947 सालचा, मागच्या बाजूला वाघ असलेला. पहिले दोन तराजूत घातले तर वजन जवळपास सारखेच भरते, एक तोळा. पण राणीछाप रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आहे, 1944 च्या रुपयात निम्मीच आहे, आणि वाघाच्या रुपयात चांदीचा कणही नाही, तो निव्वळ निकेलचा आहे. चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणण्याचा निर्णय 1940 साली, म्हणजे युद्ध सुरू झाल्यानंतर झाला. नाण्याचे वजन आणि नाव मात्र बदलले नाही.

युद्धखर्चाचा विषय निघाला की "अशा वेळी सरकारला नोटा छापाव्याच लागतात, त्यात चूक ते काय" असे म्हणणारे सुशिक्षित लोक मला वारंवार भेटतात. त्यांचे म्हणणे मला मान्य नाही, आणि का मान्य नाही हे सांगण्यासाठी दुसऱ्या महायुद्धातील भारताच्या उदाहरणाइतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे सापडत नाही.

सप्टेंबर 1939 मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात उतरल्याचे जाहीर केले, तेव्हा लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींना विचारले गेले नव्हते. नोव्हेंबरमध्ये खर्चाच्या वाटणीचा करार झाला. शांतताकाळातील नेहमीचा संरक्षणखर्च, त्यावरील भाववाढीचा फरक आणि निव्वळ भारताच्या हितासाठी केलेली कामे यांचा भार भारताने सोसायचा आणि उरलेला खर्च ब्रिटनने द्यायचा, असे त्यात ठरले. कागदावर हा करार भारतावर अन्याय करणारा नव्हता. पुढे चर्चिल यांना तर तो आपल्याच देशावर अन्याय करणारा वाटू लागला. खरी अडचण ब्रिटन आपला वाटा कोणत्या स्वरूपात देणार, ही होती. त्या देशाकडे भारताला पाठवायला ना माल होता ना जहाजे. म्हणून लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर पौंड जमा होत, त्यांतून घेतलेल्या स्टर्लिंग रोख्यांच्या, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या पौंडातल्या कर्जरोख्यांच्या तारणावर बँक इथे नोटा काढी, आणि त्या नोटांनी सरकार इथले धान्य, कापड, तंबू, बूट, पोलाद आणि माणसांचे श्रम विकत घेई. 1934 च्या रिझर्व्ह बँक कायद्याने स्टर्लिंग रोखे हे वैध तारण मानलेले होते, त्यामुळे कायद्याचा कुठेही भंग झाला नाही.

युद्धाच्या आरंभी सुमारे 180 कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या; युद्ध संपले तेव्हा त्या 1,100 कोटींच्या वर गेल्या होत्या. देशातील मालाचे उत्पादन अर्थातच सहा पटींनी वाढलेले नव्हते. घाऊक किमती अधिकृत निर्देशांकाप्रमाणे सुमारे अडीच पट झाल्या, आणि काळ्या बाजारात प्रत्यक्ष मोजावी लागणारी किंमत त्या निर्देशांकात येत नव्हती. विशेष म्हणजे या सबंध काळात रुपयाचा हुंडणावळीचा, म्हणजे परकी चलनाशी अदलाबदलीचा दर एक शिलिंग सहा पेन्स असा स्थिरच राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1923 साली रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या प्रबंधात असे प्रतिपादन केले होते की रुपयाचे मोल हुंडणावळीच्या दरावरून नव्हे, तर त्याने देशात काय विकत मिळते त्यावरून जोखले पाहिजे. वीस वर्षांनी त्याचा प्रत्यय आला. लंडनच्या हिशेबात रुपया जागचा हलला नव्हता. पुण्यामुंबईच्या बाजारात मात्र त्याचे निम्म्याहून अधिक मोल गेलेले होते.

सरकारचे म्हणणे असे होते की नोटांना पुरेसे तारण असल्याने ही चलनवाढ नव्हेच. भाव वाढतात ते टंचाईमुळे आणि साठेबाजांमुळे. याला इथल्या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर दिले. एप्रिल 1943 मध्ये काही भारतीय अर्थशास्त्रज्ञांनी संयुक्त निवेदन काढून ही चलनवाढच आहे आणि ती सरकारी खर्च भागवण्याच्या पद्धतीतून आलेली आहे, असे स्वच्छ शब्दांत सांगितले. मुंबई विद्यापीठाचे सी. एन. वकील याच मुद्द्यावर सातत्याने लिहीत होते, आणि पुण्याच्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळ व त्यांचे सहकारी सोवनी युद्धकाळातील आर्थिक धोरणाची चिकित्सा करत होते. परकी सरकारच्या राज्यात, सेन्सॉरशिपच्या दिवसांत आणि नेते तुरुंगात असताना या मंडळींनी हे लिहिले, याचे मला फार मोल वाटते.

साठेबाजी नव्हती असे माझे म्हणणे नाही. पण व्यापारी साठा करतो तो उद्या भाव आणखी चढेल याची खात्री असल्यामुळे, आणि ती खात्री त्याला रोज बाजारात येणाऱ्या नव्या नोटा देत होत्या. तारणाच्या युक्तिवादाचे उत्तर तर याहून सोपे आहे. तारण लंडनच्या बँकेत होते, माल उत्तर आफ्रिकेच्या आघाडीवर गेला होता आणि रुपये इथल्या बाजारात होते. मागे उरलेल्या थोड्या मालासाठी हे सगळे रुपये एकमेकांशी झुंजत होते.

या झुंजीत कोण हरले, हे 1943 च्या बंगालने दाखवले. त्या दुष्काळाला अनेक कारणे होती: जपानने ब्रह्मदेश घेतल्यामुळे बंद झालेला तांदूळ, ऑक्टोबर 1942 चे मेदिनीपूरचे चक्रीवादळ, शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून काढून घेतलेल्या नावा. ही कारणे बाजूला सारून सगळा दोष चलनावर टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु कलकत्त्यातील युद्धसामग्रीचे कारखाने आणि सरकारी खाती आपल्या माणसांसाठी वाटेल त्या भावाने तांदूळ घेऊ शकत होती, आणि भूमिहीन शेतमजूर, कोळी, नावाडी यांची मजुरी त्या भावाच्या जवळपासही पोहोचत नव्हती, ही गोष्ट पैशाचीच होती. दुष्काळ चौकशी आयोगाने बळींची संख्या सुमारे 15 लाख मानली; नंतरच्या अभ्यासकांनी ती 30 लाखांच्या आसपास नेली. मुंबईत त्याच वर्षी मे महिन्यात रेशनिंग सुरू झाले, आणि गिरणी कामगारांना संघटनेच्या बळावर महागाई भत्ता मिळत होता. शहरातला माणूस अर्धपोटी का होईना, जगला. ज्याला भत्ता नव्हता, रेशनकार्ड नव्हते आणि विकायला श्रमांखेरीज काही नव्हते, त्याने युद्धाच्या खर्चातला आपला वाटा जीव देऊन भरला.

"मग सरकारने करायला काय हवे होते?" असे मला विचारले जाते. कर आधी आणि अधिक, कर्जे अधिक, आणि धान्यकापडाचे नियंत्रण 1940 मध्येच. अतिरिक्त नफ्यावरील कर 1940 साली आला, हे खरे. पण कापडावरचे नियंत्रण जून 1943 मध्ये आले, आणि बाजारातील पैसा ओढून घेण्यासाठी सोने विकण्याची सुरुवात त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झाली. एवढी दिरंगाई केवळ गाफीलपणामुळे झाली असे मी मानत नाही. कर लावायचा तर लोकांसमोर जावे लागते, कारण सांगावे लागते, त्यांची संमती लागते. ज्या सरकारने ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेसचे बहुतेक नेते तुरुंगात टाकले, त्याला हे शक्य नव्हते. नोटा काढायला कोणाची संमती लागत नव्हती. माझा सगळा विरोध या एका गोष्टीला आहे.

"पण त्यातून आपण कर्जदाराचे सावकार झालो," हा युक्तिवाद मला सर्वांत जास्त खटकतो. जुनी स्टर्लिंग कर्जे फेडूनही युद्धाअखेर भारताच्या नावे 1,700 कोटी रुपयांहून अधिक स्टर्लिंग शिल्लक, म्हणजे ब्रिटनकडून येणे असलेली पौंडातली रक्कम होती, हे खरे आहे. पण ही बचत उपाशी माणसांच्या तोंडचा घास काढून झालेली होती. शिवाय तो पैसा हवा तेव्हा वापरताही येत नव्हता. जुलै 1944 मध्ये युद्धोत्तर जागतिक चलनव्यवस्था ठरवण्यासाठी अमेरिकेत भरलेल्या ब्रेटन वुड्सच्या परिषदेत भारतीय शिष्टमंडळाने, त्यात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते, हा प्रश्न लावून धरला. बँकेत लाखो डॉलर आहेत पण टॅक्सीच्या भाड्यापुरती रोकड नाही, अशी आमची अवस्था आहे, अशा आशयाचे उद्गार शिष्टमंडळातील ए. डी. श्रॉफ यांनी तिथे काढले. पुढे ही रक्कम हप्त्याहप्त्याने सुटत गेली, आणि सप्टेंबर 1949 मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले तेव्हा उरलेल्या शिलकीचे डॉलरमधील मोल एका दिवसात सुमारे तीस टक्क्यांनी घटले.

राणीछाप रुपया 1941 मध्ये कायदेशीर चलनातून बाद झाला, तरी आजीने तो पेटीत ठेवला. युद्धाच्या दिवसांत मोड मिळत नसे, हे ती सांगायची, आणि 1943 मध्ये निघालेला भोकाचा पैसा तिने दोऱ्यात ओवून ठेवलेला मी पाहिला आहे. घरखर्चाची वही मात्र आमच्याकडे राहिलेली नाही. तुमच्यापैकी कोणाच्या घरी 1939 आणि 1944 या दोन्ही वर्षांच्या वह्या असतील, तर ज्वारी, तांदूळ, रॉकेल आणि धोतरजोडी यांचे त्यांतले भाव कृपया खाली लिहावेत.