गिरणगावच्या फोटोंबद्दल, जरा लांबलंय उत्तर

मी टाकलेल्या मुंबईच्या गिरण्यांच्या जुन्या फोटोंखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. "जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो टाकून उसासे सोडायला काय जातंय, कार्डिंगला उभं राहून आयुष्य काढलेल्यांना विचारा" असं लिहिलंयत. तुमचे वडील कार्डिंगलाच, म्हणजे कापूस विंचरायच्या खात्यातच होते, म्हणजे तुम्हाला ते बोलायचा हक्क आहेच.

आधी चूक कबूल करतो. एका फोटोखाली मी "संप मिटल्यानंतरचं लालबाग" असं टाकलं होतं, ते तुम्ही बरोबर पकडलंत. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, अडीच लाखाच्या आसपास माणसं बाहेर पडली, काही मान खाली घालून परत आत गेली, बरीच कोकणात नाहीतर घाटावर गेली ती तिकडचीच झाली. मग मिटला कधी म्हणायचा? ओळ बदललीय.

कार्डिंगचं तर विचारूच नका. कापूस विंचरताना उडणारी ती बारीक धूळ, फोटोत ती धुक्यासारखी छान दिसते आणि मी तसं लिहिलंही, आता वाचून लाज वाटते. त्या धुळीने होणाऱ्या छातीच्या आजाराला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात, आमच्या चाळीत सरसकट दमा म्हणायचे. त्यात एक विचित्र गोष्ट अशी की सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती जास्त भरून यायची. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी भांडून 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळवून दिली, आणि सोमवार असा उगवायचा.

पण "तिथे दुःखाशिवाय काही नव्हतं" हे मात्र मला पटत नाही हां. एका खोलीत पंधरा-वीस गडी, पाळीप्रमाणे झोपायचे, एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पसरायची, हे खरंच. पण त्यांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बाया होत्या, उधारीवर महिनाभर जेवण द्यायच्या आणि स्वतः सावकाराच्या कर्जात बुडायच्या. प्रेमा पुरवांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते त्यांना एकत्र आणून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला. ह्यात दुःख किती आणि हिंमत किती ते तुम्हीच सांगा. माझ्या फोटोंत ह्या बाया नाहीत हा तुमचा टोमणा मात्र बरोबर बसलाय. फोटो काढणारा गेटवर उभा राहायचा, चुलीपर्यंत कोण जाणार.

माझे वडील साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायच्या खात्यात होते. तिथे आवाज इतका की माणसं हातवारे करून आणि ओठ बघून बोलायची. घरी आले तरी त्यांचा आवाज वरच्याच पट्टीत, साधं मीठ मागितलं तरी आम्हाला वाटायचं चिडलेत, आणि आई मुद्दाम त्यांच्यासमोर जाऊन, तोंड नीट दिसेल असं बोलायची. भुवयांवर कापूस असायचा, तो मी चिमटीने काढायचो. तेव्हा ते गप्प बसायचे.

तर उसासे का, ते सांगतो. वडिलांचा गिरणीतला एकही फोटो घरात नाही, आहे तो गेटपासवरचा, त्यावर शिक्का असा पडलाय की अर्धा चेहरा गेलाय. म्हणून पाळी सुटतानाच्या गर्दीचा कुठलाही फोटो मिळाला की मी मोठा करून एकेक तोंड बघत बसतो. तुम्ही ज्याच्यावर इतके भडकलात त्या तिसऱ्या फोटोत डावीकडून चौथा, टोपीवाला, त्याची मान डिट्टो वडिलांसारखी वाकलेली आहे. आईला मोबाईल दाखवला. तिने चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हे नव्हेत. ह्यांचा डबा पितळी होता."