केबल बदलण्याआधी एक आकडा बघा

डिजिटल पियानो कंप्युटरला जोडून वाजवणाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला आणि चौघांनीही खाली ‘खरं आहे का हे?’ असं विचारलं. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: रेकॉर्डिंगमध्ये सस्टेन पेडल (दाबलं की सूर लांबवणारं) नीट येत नसेल तर दोष स्वस्त यूएसबी केबलचा, तिच्यातून पेडलचा सिग्नल गळतो. पेडल उलटं चालत असेल तर ते कामातून गेलं, नवं घ्या. सूर अडकून राहत असतील तर ती लेटन्सी (उशीर), ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाजासाठी कंप्युटरला बाहेरून जोडायची पेटी, घ्या. आणि पियानोच्या स्वतःच्या स्पीकरवर पेडल बरोबर ऐकू येत असेल तर पियानो निर्दोष, कंप्युटर फॉरमॅट करा.

तीन सल्ले खिशात हात घालायला लावतात, चौथ्यात रविवार जातो.

आधी केबल. मिडी म्हणजे वाद्याची कंप्युटरशी बोलायची भाषा; मिडी रेकॉर्डिंगमध्ये या केबलमधून आवाज जातच नाही, निरोप जातात. अमुक पट्टी दाबली, इतक्या जोरात दाबली, सोडली. पेडल हाही असाच एक निरोप: कंट्रोलर क्रमांक ६४, आणि सोबत ० ते १२७ मधला एक आकडा. ६३ पर्यंत पेडल वर, ६४ पासून खाली. पेडलसाठी केबलमध्ये वेगळी तार नसते. सूर आणि पेडल एकाच वाटेने जातात, त्यामुळे सूर सगळे पोचले आणि पेडल तेवढं गळालं, असं केबल करू शकत नाही. सॉकेट ढिलं असेल तर निरोप जरूर हरवतात, पण मग सूरही हरवतात, मध्येच पियानो कंप्युटरला दिसेनासा होतो. तसं होत असेल तर खुशाल केबल बदला.

आता ‘उलटं’ पेडल. या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण यात सगळ्यात जास्त पैसे वाया जाताना पाहिलेत. मे महिन्यात धरमपेठेतल्या एका घरी गेलो होतो. मुलगी परीक्षेचे तुकडे रेकॉर्ड करत होती. (नागपुरात मे महिन्यात माइक लावून रेकॉर्डिंग करायचं म्हणजे कूलरचं रेकॉर्डिंग करायचं, म्हणून सगळे मिडीकडे वळतात.) तिचे बाबा बर्डीच्या बाजारातून नवी केबल घेऊन आले होते, फरक शून्य. म्हणाले, “सर, पाय काढला का आवाज घुमूनच राहते, अन् दाबला का बंद. काऊन असं होऊन राहिलं?”

कंप्युटरवर मिडी मॉनिटर उघडला. आत येणारा प्रत्येक निरोप ओळीओळीने दाखवणारं हे छोटं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि बऱ्याच रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये तशी खिडकी असतेच. तिला म्हटलं, फक्त पेडल दाब. ओळ आली: ६४, ०. सोड. ६४, १२७. म्हणजे निरोप व्यवस्थित येत होता, फक्त अर्थ उलटा.

कारण साधं आहे. या पेडलच्या पोटात एक स्विच असतो. काही पेडलमध्ये पाय नसताना सर्किट जोडलेलं असतं, काहींत तुटलेलं. सगळ्या कंपन्यांची रीत एक नाही. म्हणून बरेच पियानो सुरू होताना स्विचची जी स्थिती असेल तीच ‘पाय नाही’ची समजतात. ही मुलगी बसल्याबसल्या आधी पाय पेडलवर ठेवायची आणि मग पियानो सुरू करायची. शिक्षकांनीच बसण्याची तशी सवय लावली होती, बिचारीचा काय दोष? पियानो बंद केला, पाय जमिनीवर ठेवायला लावला, पुन्हा सुरू केला. दाबलं की १२७, सोडलं की ०. एवढ्यानेही सुधारलं नसतं तर पियानोच्या मेनूत पेडलची दिशा बदलायची सोय आहे का ते बघितलं असतं. काही पेडलच्या तळाशीही त्यासाठी एक बारीक सरकता स्विच असतो.

पेडल खरंच खराब झालंय हेही आकडाच सांगतो. पाय स्थिर असताना १२७, ०, १२७, ० अशा ओळी धावू लागल्या तर आतला संपर्क गेला. अर्ध्या दाबाचं, म्हणजे मधले आकडे पाठवणारं पेडल असेल आणि पाय काढूनही आकडा ७०च्या खाली येत नसेल, तर कंप्युटरच्या लेखी ते कायम दाबलेलंच. तेव्हा नवं घ्या, मी अडवणार नाही.

लेटन्सीबद्दल थोडक्यात. लेटन्सी म्हणजे उशीर, आणि तो पट्टी, पेडल सगळ्यांनाच सारखा होतो. जुन्या पाच पिनांच्या मिडी केबलमध्येसुद्धा तीन बाइटचा एक निरोप साधारण १ मिलिसेकंदात पोचतो. उशिराने सूर मागे पडतील, अडकणार नाहीत.

मग अडकतात कशाने? बहुतेक वेळा स्पेसबारने. शेवटचा कॉर्ड वाजतो, पाय पेडलवर, सूर विरायच्या आत हात स्पेसबारवर जातो आणि रेकॉर्डिंग थांबतं. पाय त्यानंतर उचलला जातो, म्हणजे ‘६४, ०’ हा निरोप लिहिलाच जात नाही. ऐकताना सॉफ्टवेअरच्या दृष्टीने पेडल खालीच. तो भाग लूपवर टाकला की दुसऱ्या फेरीपासून चिखल. उपाय: पाय उचलून मग थांबवा. रेकॉर्डिंग झालेलं असेल तर सॉफ्टवेअरमध्ये पेडलचे आकडे दिसतात त्या पट्ट्यात शेवटी हाताने एक शून्य टाका. ‘ऑल नोट्स ऑफ’ पाठवून भागलं नाही म्हणून घाबरू नका. तो निरोप, क्रमांक १२३, पट्ट्या सोडल्याचं सांगतो, पेडलने धरलेल्या सुरांना हात लावत नाही. त्यासाठी क्रमांक १२०चा निरोप लागतो.

दुसरं कारण, एकाच ट्रॅकवर आधी डावा हात, मग त्यावर उजवा, दोन्ही वेळा पेडलसकट. दोन्हींचे ६४ एकमेकांत मिसळतात आणि एकाचं शून्य दुसऱ्याचा कॉर्ड कापतं. दुसरा हात वेगळ्या ट्रॅकवर, वेगळ्या चॅनेलवर घ्या.

शेवटचा दावा, पियानोवर बरोबर वाजतंय म्हणजे पियानो निर्दोष. पियानोच्या पोटातला आवाज आणि कंप्युटरमधला आवाज एकाच वेळी वाजत असतील तर तुम्ही नक्की कोणता ऐकताय? पियानोचा आवाज शून्यावर आणा आणि मग पेडल तपासा. कंप्युटरच्या आवाजात पेडल नसेल तर मॉनिटर बघा. ६४ची ओळच येत नसेल तर शोध पियानोच्या मिडी सेटिंगमध्ये. ओळ येते आहे पण आवाज लांबत नाही, तर सॉफ्टवेअरमध्ये कुठेतरी ६४ गाळणारा फिल्टर लागलाय किंवा निवडलेलं वाद्यच पेडल मानत नाही. यातल्या एकाही जागी फॉरमॅटचा संबंध येत नाही.

त्या पियानोला मागे चौकोनी सॉकेट आहे, प्रिंटरला असतं तसंच. धरमपेठेतली ती बर्डीची नवी केबल आता प्रिंटरला लावली आहे, आणि प्रिंट पहिल्यासारखेच निघतात.