ठासणीच्या रायफलीच्या चाचणीबाबत आपण नोंदवलेल्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण मराठीत सविस्तर लिहिलेत, म्हणून उत्तरही मराठीतच देतो. जुलैमध्ये ओहायोतील आमच्या नेमबाजीच्या रेंजवर आपले तीन तास गेले, तीन प्रकारच्या गोळ्या आणि सॅबो (गोळीभोवतीचे पाकळ्यांचे कवच, जे नळीबाहेर पडताच गळून पडते) आपण विकत घेतलेत, १८ बार झाले आणि तरीही १०० यार्डांवर सहा इंचांच्या आतला ग्रुप, म्हणजे कागदावर गोळ्यांचा एकत्र पडलेला पुंजका, मिळाला नाही. शिवाय आमच्या रेंज अधिकाऱ्याने चारचौघांत आपली बंदुकीची दारू नाकारली, दर बारानंतर नळी पुसायला लावून वेळ घालवला आणि कोलोरॅडोतील एल्कच्या (मोठ्या जातीच्या हरणाच्या) शिकारीत चालणारच नाही असा माल आपल्या गळ्यात मारला, असे आपले म्हणणे आहे. यातली शेवटची तक्रार सर्वांत गंभीर आहे आणि ती पूर्णपणे खरी आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

कोलोरॅडोच्या मझललोडर (ठासणीच्या बंदुकीच्या) हंगामात सॅबोला मनाई आहे, दारूच्या तयार वड्यांना मनाई आहे आणि दुर्बिणीलाही मनाई आहे. एल्कसाठी गोळी किमान .५० कॅलिबरची, म्हणजे अर्धा इंच व्यासाची, असावी लागते. आमच्याकडील बहुतेक गिऱ्हाईक ओहायोतच हरणाच्या शिकारीला जाते आणि येथे सॅबो चालतो, त्यामुळे विक्री करणाऱ्या मुलाने आपण शिकारीला कुठे जाणार आहात हे विचारलेच नाही. तो प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा होता. न विचारणे ही दुकानाची चूक आहे आणि तिचा भुर्दंड आपण सोसण्याचे काहीच कारण नाही. तिन्ही पाकिटे, उघडलेली असली तरी, परत घेऊन पूर्ण पैसे देईन.

दारूच्या बाबतीत मात्र मला आमच्या अधिकाऱ्याच्याच बाजूने उभे राहावे लागेल. आपण घरून ब्लॅकहॉर्न २०९ ही काळ्या दारूऐवजी वापरायची दारू घेऊन आलात आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावर १०० ग्रेन (दारू आणि गोळी मोजायचे लहान एकक) तोलून कुप्या भरल्या होत्या. ठासणीच्या बंदुकीचे माप मुळात काळ्या दारूवरून ठरलेले आहे आणि ते आकारमानाचे माप आहे, वजनाचे नाही. ब्लॅकहॉर्न काळ्या दारूपेक्षा हलकी असल्याने तिचे मापाचे १०० ग्रेन काट्यावर साधारण ७० भरतात. कमाल मर्यादा मापाने १२० ग्रेन, म्हणजे वजनाने सुमारे ८४ आहे. काट्यावर तोललेले १०० ग्रेन नळीत गेले असते, तर मर्यादा बरीच ओलांडली गेली असती आणि त्या वेळी आपला चेहरा ब्रीचपासून (नळीच्या मागच्या, दारू पेटते त्या टोकापासून) वीतभर अंतरावर असता. काटा वापरणे चूक नाही, मीही वापरतो, पण वजनाचा आकडा आधी हिशेबाने काढावा लागतो. नकार योग्यच होता. तो ज्या आवाजात दिला गेला तो मात्र योग्य नव्हता. बाजूला नेऊन दोन वाक्यांत कारण सांगता आले असते. त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो.

नळी पुसण्याबद्दल आपण लिहिलेत की, सिंधुदुर्गात आपले आजोबा परवान्याच्या ठासणीच्या बंदुकीने भाताची राखण करीत आणि त्यांना दर बाराला चिंधी फिरवावी लागत नसे. तसल्या बंदुका मीही कोकणात हाताळल्या आहेत. त्यांची नळी आतून गुळगुळीत असते, छर्रे सैल बसतात आणि रानडुक्कर अगदी जवळ आलेले असते. थोडी काजळी राहिली म्हणून तिथे बिघडत नाही. आपल्या रायफलीच्या नळीत आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचा, आहेत आणि ते २८ इंचांत एक फेरा पूर्ण करतात. पहिले दहा बार आपण ट्रिपल सेव्हन या दुसऱ्या दारूने केलेत. तिच्या काजळीचे कडक कडे ब्रीचजवळ, नेमके गोळी बसते त्या जागी साचते, आणि ते पुसले नाही तर पुढची गोळी पहिल्याइतकी खाली बसत नाही. तिथे चिंधी फिरवणे आवश्यकच होते. पण मोजमाप दुरुस्त करून आपण ब्लॅकहॉर्नकडे वळल्यावर त्याची गरज उरली नव्हती. तरीही सवयीने तेच करायला लावले गेले, हे आपण अचूक पकडले आहे.

आता ग्रुपबद्दल, कारण मला वाटते आपला खरा राग त्यावर आहे. आमच्या नोंदवहीतले आपले कागद मी समोर ठेवून पाहिले. २५० ग्रेनच्या .४५२ इंच व्यासाच्या गोळीचे पहिले तीन बार अडीच इंचांत आहेत. चौथा आणि पाचवा लागोपाठ, तापलेल्या नळीतून झाले आणि तिथेच ग्रुप फाकला. सॅबो प्लॅस्टिकचा असतो. उन्हाळ्यात नळी तापली की तो मऊ पडतो आणि आट्यांची पकड दर बाराला वेगळी होते. तिथे थांबायला हवे होते, नळी हाताला गार लागेपर्यंत. त्याऐवजी आमच्या माणसाने ३०० ग्रेनची गोळी, दुसरा सॅबो आणि दहा ग्रेन जास्त दारू असे तिन्ही बदल एकदम करून दिले. त्यानंतरच्या बारांवरून सुधारले तर कशाने आणि बिघडले तर कशाने, हे कोणालाच सांगता येणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी प्रत्येक नव्या माणसाला शिकवतो, आणि माझ्याच रेंजवर ते पाळले गेले नाही याचे मला फार वाईट वाटले.

आपण एक गोष्ट जपून ठेवलीत, तिचे कौतुक वाटते. नळीपुढे पडलेले सॅबो आपण वेचून त्यांचे छायाचित्र जोडले आहे. पहिल्या तिघांच्या पाकळ्या सारख्या उमलल्या आहेत. नंतरच्या दोघांच्या एकेक पाकळ्या तुटल्या आहेत आणि एकाचा तळ जळून कातरला आहे, म्हणजे वायू बाजूने निसटला. तो दुसरा सॅबो आपल्या नळीत सैल होता, असा माझा तर्क आहे. ठासायचा गज टेकवताच गोळी सरकन खाली जात असेल, तर तो सॅबो वापरू नये. बंदूक खाली झुकवल्यावर गोळी दारूपासून सुटून पुढे आली, तर ते धोक्याचे असते. ठासताना सारखा, ठाम जोर लागला पाहिजे आणि गजावर केलेली खूण दर वेळी नळीच्या तोंडाशी तिथेच आली पाहिजे.

कोलोरॅडोसाठी हा सगळा सॅबोचा खटाटोप बाजूला ठेवून पूर्ण व्यासाच्या शिशाच्या गोळीपासून नव्याने सुरुवात करावी लागेल. आपली तयारी असेल तर मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी या. रेंजचे शुल्क नाही, मी स्वतः शेजारी उभा राहीन. ८० मापाच्या ग्रेनपासून सुरुवात करू आणि पुस्तिकेतील मर्यादेच्या आत पाच-पाच ग्रेनने चढू, दर मापाला तीन बार, दोन बारांमध्ये नळी गार होईपर्यंत थांबून. येताना दुर्बीण काढून उघडी साइट बसवून आणा, आणि रायफलीसोबतची पुस्तिकाही आणा.