अबोलीला ऊन चालत नाही, असं कोण म्हणतं?

पावसाळा लागल्यापासून एक मेसेज आमच्या गावातल्या झाडून सगळ्या ग्रुपांवर फिरून राहिला आहे. त्याचं सार असं: अबोलीला ऊन अजिबात चालत नाही, गर्द सावलीत लावा, पानं मलूल दिसली की लगेच पाणी घाला, बुडाशी अंड्याची टरफलं टाका, बारा महिने फुलं येतील, सुगंधानं अंगण भरेल आणि बी पडून रोपं आपोआप उगवतील.

सुगंधापासूनच सुरू करते. अबोलीला वास नसतो. म्हणून तर गजऱ्यात तिच्या जोडीला मोगरा नाहीतर मरवा गुंफतात. लिहिणाऱ्यानं हे फूल कधी नाकाजवळ धरलेलं दिसत नाही, तेव्हा पुढचंही जपूनच वाचायचं.

आता ऊन. दक्षिण भारत आणि श्रीलंका हे अबोलीचं माहेर. तामिळनाडू-कर्नाटकात तिची शेती होते, तीही उघड्या वावरात. मग ‘अजिबात’ कुठून आलं? मात्र आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात पारा 45च्या वर जातो आणि वरून कोरडी झळ, त्यामुळे भर उन्हातही लावू नका. सकाळचं दहा-साडेदहापर्यंतचं ऊन आणि पुढे सावली, एवढं तिला पुरतं. माझ्याकडे एकाच पावसाळ्यात लावलेली दोन झाडं आहेत. आंब्याखालचं कमरेला लागलं, पण काडीसारखं. पेराला पेर लांब, पानं मोठाली नि लुळी, आणि तुरे मोजून तीन. न्हाणीच्या पूर्वेच्या भिंतीजवळचं गुडघ्याएवढंच, पण खालपासून भरलेलं. त्याचे तुरे मोजायच्या भानगडीत मी पडत नाही. पश्चिमेची भिंत टाळा, ती रात्री उशिरापर्यंत धग सोडते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, वरून हिरवी नेट बांधा. नेट नसेल तर जुनं लुगडंही चालतं.

पाण्याचा सल्ला सगळ्यात घातक. ऐन दुपारी अबोली मान टाकतेच आणि सांजेला पुन्हा उभी राहते. तेव्हा आधी बोट दोन पेरं मातीत घालून पाहा. आपली काळी माती श्रावणात चिखल धरून बसते. मुळांना हवा मिळत नाही, ती सडतात, आणि सडलेली मुळं पाणी ओढत नाहीत म्हणून पानं मलूल होतात. माणूस समजतो, तहान लागली, आणि आणखी एक बादली ओततो. शेजारची सून रडवेल्या तोंडानं आली होती, “काकू, रोज पाणी घालते न जी, तरी मरून राहिलं.” रोज घालत होती म्हणूनच. मीही असंच करून एका पावसाळ्यात तीन झाडं घालवली आहेत. आता वीतभर उंच वाफा करते, मातीत मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळते. मेलेलं झाड उपटल्यावर मुळांवर गाठी दिसल्या तर तो सूत्रकृमी, मुळांत शिरणारा डोळ्यांना न दिसणारा किडा. त्याच जागी पुन्हा अबोली लावू नका. एक हंगाम झेंडू घ्या, निंबोळी पेंड घाला.

टरफलं म्हणजे चुनाच. आपल्या जमिनीत तो आधीच इतका आहे की खड्डा खणला की पांढरे खडे निघतात. अशा मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही; कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यावर आणखी चुना कशाला? कुजलेला पालापाचोळा घाला, आणि लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (लोह देणारं फेरस सल्फेट) विरघळवून, गाळून, ऊन उतरल्यावर पानांवर फवारा.

मेसेजमध्ये नाही, पण घरोघरी दिसतं म्हणून सांगते: कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना ओतू नका. पाणी उडून जातं, क्षार खाली उरतात. कूलरच्या गवताच्या ताटीवर जी पांढरी पापडी चढते, तेच तुम्ही मुळांना पाजता. अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात, जिथं जमिनीतलं पाणीच खारं आहे, तिथं तर बोअरचं पाणीसुद्धा जपूनच वापरावं. पावसाचं साठवलेलं सगळ्यात उत्तम.

बारा महिने फुलं? थंडीत रात्रीचा पारा दहाच्या आसपास आला की अबोली आखडते, मे महिन्यात रुसते. बाकीचे महिने मात्र भरपूर देते, वाळलेले तुरे खुडत राहिलात तर.

रोपांचं म्हणाल तर गावठी अबोलीपुरतं ते खरं आहे. नर्सरीत ‘दिल्ली’ म्हणून जी गडद केशरी मिळते तिला बी धरत नाही, तिची फांदीच लावावी लागते. गावठीचे दोन-चार तुरे झाडावरच वाळू द्या आणि मग वाटीभर पाण्यात टाका. जरा वेळात टक्‌ टक्‌ करत बोंडं फुटतात आणि बी उडतं. वाटीवर ताटली झाकायला विसरू नका, नाहीतर माझ्यासारखं चुलीमागून वेचत बसावं लागेल.